यंदाचा श्याम

कुणकेश्वराच्या किनाऱ्याने उत्तरेला कोसभर चालत गेले की कातळवाडी लागते. वाडी ती केवढी आणि तिच्यातले रामाचे देऊळ ते केवढे. पण चैत्रातले पहिले नऊ दिवस त्या देवळात मुंगीला शिरायला वाट नसते. आजूबाजूच्या गावांतली माणसे आंब्याकाजूची कामे आटोपती घेऊन कीर्तनाला येतात, आणि नवमीला दुपारी बारा वाजता पाळण्यावरचा पडदा सरला की 'यंदाचा राम' बघून डोळे निववतात.

यंदाचा राम असेच म्हणायचे, कारण तिथला राम दर वर्षी वेगळा. मूर्ती त्याच. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या अकरा मूर्ती, धोंडू चिताऱ्याच्या पणजोबाने कोरलेल्या: दशरथ, तीन राण्या, वसिष्ठ, दोन दासी आणि पाळण्यात निजलेले चार भाऊ. मोठ्या मूर्ती वीतभर, बाळे मधल्या बोटाएवढी. पाडव्याला चितारी त्या घरी नेतो, अष्टमीपर्यंत घरच्या शाईने रंगवतो, नवमीला राम जन्मतो, आणि दशमीला सकाळी साऱ्या मूर्तींना समुद्रात न्हाऊ घालून रंग पाण्याला परत देतात. मग तिथेच वाळूत उभा राहून देवळाचा मानकरी विचारतो, "फुडल्या वर्साक रंग कोण देतलो?" चितारी हातातल्या ओल्या रामाला साक्ष ठेवून म्हणतो, "चितारी देतलो." एवढे बोलणे झाले की वर्षाची सेवा बांधली गेली. रामाला हातात धरून खोटे बोलायचे नाही, एवढीच अट.

धोंडूने हे उत्तर एकतीस वेळा दिले होते. त्याच्या बापाने, ज्या वर्षी हात कापू लागला त्या वर्षी, दिले नव्हते. "माझो हात खोटो पडलो," म्हणून म्हाताऱ्याने कुंचला लाटेत सोडला होता आणि मागे उभ्या असलेल्या धोंडूने पुढे होऊन उत्तर दिले होते. आता धोंडूच्या मागे कोणी नव्हते. मुलगा लवू मुंबईला छापखान्यात. त्याने शाया पुष्कळ पाहिल्या, पण त्या लोखंडी रुळांवरच्या. बायको रुक्मिणी जाऊन सहा वर्षे झालेली. घरात धोंडू आणि लवूची बायको सावित्री, एवढीच माणसे.

आणि एकोणीसशे एकोणसाठच्या त्या पाडव्याला, मूर्तींची टोपली पडवीत उतरवून घेताना, धोंडूला कौसल्या कोणती आणि कैकेयी कोणती हे बोट फिरवूनच ओळखावे लागले.

डोळ्यांवर मळभ दिवाळीपासून येत होते. आधी त्याला वाटले चुलीचा धूर. मग वाटले थंडीचे धुके. माघात धुके गेले, आंबे मोहरले, तरी त्याच्या डोळ्यांपुढचा पांढरा पडदा हलेना. माणूस ओळखू यायचा, दारातला उजेड कळायचा. पण रंगांचे तंत्रच बिघडले. निळा आणि काळा एक झाले, पिवळा आणि पांढरा एक झाले. लाल तेवढा जुन्या मित्रासारखा अजून ओळख देत होता.

हे त्याने कोणालाच सांगितले नाही. सांगायचे कोणाला? मानकरी गणपतला सांगितले तर तो वाटच बघत होता. गेली दोन वर्षे त्याचे टुमणे चालू होते.

"धोंडू, मालवणात तो पाट्यो रंगवणारो आसा, तेका एकदा बोलावया," तो म्हणे. "ऑइलपेंट मारल्यान की धा वर्सां बघूक नको. तुका पण इसावो, रामाक पण इसावो."

"रामाक इसावो होयो असतो तर तो अयोध्येतच रवलो असतो," धोंडू म्हणे, आणि लोक हसले की विषय तेवढ्यापुरता मिटे. पण धोंडूला पक्के ठाऊक होते: त्याचा कुंचला पाण्यात गेला की दुसऱ्या महिन्यात पत्र्याचा डबा देवळात येईल, आणि मग तो रंग समुद्राला कधी परत जायचा नाही. चार पिढ्यांची सेवा त्याच्यावर येऊन थांबली होती. ती थांबवणारा आपण ठरू नये, एवढ्यासाठी तो गप्प राहिला.

शाया मात्र त्याने दर वर्षीप्रमाणेच निवडल्या. लवूने मुंबईहून तीन बाटल्या धाडल्या होत्या, लाल, निळी, काळी. पत्रात लिहिले होते, पाण्याने जायची नाही, खात्रीची आहे. पाण्याने जायची नाही हाच तिचा दोष. धोंडूने बाटल्या फळीवर ठेवून दिल्या. त्याच्या शाया त्याच्या घरच्या. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ ही काळी. मालवणच्या बाजारातून आणलेली निळीची वडी दगडावर उगाळली की निळी. लाखेची लाल. आणि सुताराकडून मागून आणलेला फणसाचा भुसा तुरटी घालून उकळला की उतरते ती पिवळी, मधासारखी पातळ आणि स्वच्छ. साऱ्यांत काजूचा डिंक. शेवटी नुसते डिंकाचे पाणी, चकाकीसाठी.

शाईचा गुण असा की ती जाड रंगासारखी लाकडावर बसून राहत नाही. ती आपली वाट शोधते. पणजोबाने कोरलेली वस्त्राची चुणी असो, मिटलेल्या डोळ्याची रेघ असो, कुंचल्याने नुसती जवळ नेली की शाई आपण होऊन खाचेत उतरते आणि उंचवट्यावरून ओसरते. सावली तिची तीच पाडते. म्हणून तर धोंडूला धीर होता. डोळे गेले तर गेले; रेषा बोटांना पाठ, आणि शाईला तिची वाट पाठ. मग माणसाने कशाला घाबरायचे?

राहिला रामाचा श्याम.

इतर दहा मूर्तींचे रंग ठरलेले. रामाचा ठरलेला नाही. पंचमीच्या पहाटे चिताऱ्याने कातळावर जाऊन उभे राहायचे, समुद्र बघायचा, आणि यंदाचा श्याम कोणता ते मनाशी ठरवायचे. एका वर्षी त्याने पिकल्या जांभळाचा श्याम दिला होता. एका वर्षी पावसाने भिजलेल्या कातळाचा. लवूच्या जन्माच्या वर्षी पहाटेच्या आकाशाचा, ज्यात काळे किती आणि निळे किती हे रात्रीला आणि दिवसालाच ठाऊक. हे ठरवणे कोणाला सांगायचे नाही. फक्त कीर्तनाला येणारे गुरुदासबुवा दर वर्षी चिमटा काढून बघायचे. तळेऱ्याकडचे हे बुवा पाडव्याला एस.टी.ने यायचे आणि नऊ दिवस चिताऱ्याच्याच पडवीत उतरायचे. दोघे एका वयाचे, एका तालमीत भजन शिकलेले.

पंचमीला धोंडू कातळावरून परतला तेव्हा बुवा घरापुढच्या खळ्यात राखुंडीने दात घासत होते.

"काय रे, यंदाचो श्याम खंयचो?"

"नवमीक बघ."

"एवढी वर्सां नवमीकच बघतंय. मरूच्या आधी एकदा तरी पंचमीक सांग."

"तू उत्तररंगातली गोष्ट पूर्वरंगात सांगतंस काय?"

बुवा खदखदून हसले, चूळ भरली. धोंडूही हसला. पण कातळावर त्याला काही दिसले नव्हते. वर पांढरे, खाली पांढरे, मधून लाटांचा आवाज. अर्धा तास तो त्या आवाजाकडे डोळे लावून उभा होता. शेवटी त्याने आठवणीतून एक रंग काढला: कालवाच्या शिंपल्याची पाठ ओली असताना दिसते तो. बापाने पहिल्यांदा रामाला हात लावू दिला त्या वर्षीचा. त्याचे माप त्याला तोंडपाठ होते. निळीचे तीन थेंब, काजळाचा एक. थेंब मोजायला डोळे लागत नाहीत.

षष्ठीपासून तो कामाला बसला. शाया मोठाल्या शिंपल्यांत ओतून सावित्रीने मांडून दिल्या, आणि तो एकेक नाकाशी नेऊन ओळखू लागला. काजळाला तेलाचा धूर. निळीला आंबूस, शेवाळी वास. लाखेला गोडसर. पिवळीला आणि डिंकाच्या पाण्याला मात्र वास नाही. दोन्ही पातळ, दोन्ही बोटाला सारखीच चिकट. म्हणून ते दोन शिंपले त्याने एका खापरावर वेगळे घेतले. उजवीकडे पिवळी, डावीकडे डिंक. हे त्याचे त्याच्याशी ठरले.

सावित्री पेजेचा वाडगा घेऊन आली ती दारातच थांबली.

"मामानू, शायेचो वास कित्याक घेतास?"

"जुनी शाय कुसता. बघूक नको?"

"काल केललंय मी ती. जुनी खंयची?"

"तुझ्या आधी चाळीस वर्सां शाय करतंय मी. पेज ठेव आणि जा."

एवढा चढा सूर त्याने तिच्याशी कधी लावला नव्हता. ती वाडगा ठेवून गेली. कैकेयीच्या पदराला त्याने लाल दिला, सुमित्रेला पिवळा, वसिष्ठांच्या दाढीला शंखाचा चुना. हात चुकत नव्हता. उलट कधी नव्हे इतका तो हात सावध झाला होता, आणि धोंडूला मनातून वाटू लागले की रामच आपला हात धरून नेतो आहे. भाविकाला असे वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण माणूस काही लपवत असला की त्यालाही नेमके असेच वाटते. हे वाटणे आणि ते वाटणे वेगळे करणे फार कठीण.

बाकीच्या दहा मूर्ती आटोपून सप्तमीला दुपारी तो रामाला बसला. निळीचे तीन थेंब, काजळाचा एक. दोन हात दिले. मिटलेल्या पापण्यांच्या रेघेत काळी उतरवली. आता चकाकीचा हात राहिला. तेवढ्यात वारा सुटला आणि किनाऱ्याची बारीक वाळू पडवीत यायला लागली. सावित्रीने धावत येऊन मूर्तींचे सूप झाकले, शाया आत नेल्या, आणि वारा पडल्यावर परत आणून ठेवल्या. शाया जागच्या जागी. खापरही जागच्या जागी. मात्र आता पिवळी डावीकडे होती.

तिचे काही चुकले नाही. डोळे असलेल्या कोणाचेही त्यात काही चुकले नसते. एक शिंपला पिवळा, एक पाण्यासारखा. डावा काय आणि उजवा काय.

धोंडूने हात लांब केला, डावा शिंपला घेतला आणि रामाच्या अंगावरून चकाकीचे तीन हात फिरवले. मग दर वर्षीप्रमाणे धुतलेल्या फडक्यात गुंडाळून गाठ मारली. ही गाठ नवमीपर्यंत कोणी सोडायची नाही. चिताऱ्यानेही नाही. नवमीला सकाळी तोच ती पडद्याआड सोडतो आणि बाळाला पाळण्यात ठेवतो.

नवमीला देऊळ भरून माणसे ओट्यापर्यंत आली होती. धोंडू त्याच्या जागी, खांबाला टेकून बसला. पलीकडे बायकांत सावित्री, तिच्या शेजारी म्हातारी काशीबाई, सुंठवड्याचे ताट मांडीवर घेऊन.

गुरुदासबुवांचे कीर्तन ज्यांनी ऐकले नाही त्यांना सांगून कळायचे नाही. आवाज काही फार मोठा नव्हता. पण शब्द असा टाकायचे की तो ऐकणाऱ्याच्या ओंजळीतच पडायचा. यज्ञाचे पायस झाले, राण्यांनी घेतले, दिवस भरत आले. पेटी हळू झाली. बुवांनी कौसल्येला कळा येऊ लागल्याचे सांगितले तेव्हा बायकांच्या बाजूने मुलांना सुद्धा कोणी दटावेना. ऊन बरोबर माथ्यावर आले. पुजाऱ्याने घंटा दिली, आणि पडद्याच्या कड्या तारेवरून सरकल्या.

इथे दर वर्षी एक आवाज उठतो. शंभर माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा. धोंडू वर्षभर त्या आवाजासाठी जगायचा.

तो आवाज उठला नाही. त्या जागी क्षणभर नुसती पेटी वाजत राहिली. मग पुढच्या रांगेत कोणीतरी हलकेच म्हटले, "हिरवो?"

बुवांची झांज थांबली होती. धोंडूने ती थांबलेली ऐकली. एकतीस वर्षांत ती या जागी कधी थांबली नव्हती. पडदा सरला की बुवा 'मेघश्याम' म्हणून सूर लावायचे आणि त्यावर गुलाल उडायचा.

"मंडळी," बुवा म्हणाले. गात नव्हते, बोलत होते. "आजवर मी तुम्हाला इथे उभा राहून मेघश्याम सांगत आलो. मेघ बघायला मान वर करावी लागते. पण कौसल्येला मान वर करायला सवड कुठे? बाळंतीण ती. तिची मान खाली, मांडीकडे. खाली काय असते? जमीन. आणि जमिनीवर, कोणी न पेरता, पायाखाली आली तरी न मरता, काय उगवते? दूर्वा. जिच्यावाचून तुमच्या घरचा गणपती पूजा घेत नाही ती दूर्वा. शास्त्राने रामाला मेघश्याम म्हटले तसे दूर्वादलश्यामही म्हटले. मेघ राजाच्या वाड्यावरूनही जातो नि तसाच निघून जातो. दूर्वा तुमच्या खळ्यात राहते. यंदा प्रभू मेघातून उतरले, मंडळी. यंदा ते आपल्या खळ्यात आले."

आणि झांज पडली. गुलाल उडाला, पाळण्याची दोरी हातोहात गेली, म्हाताऱ्या रडल्या. रामजन्म झाला. कातळवाडीला असा रामजन्म आठवत नव्हता.

धोंडू खांबाला टेकून बसला होता. अंगावर गुलाल पडत होता. दूर्वादल, एवढाच शब्द त्याच्या कानात राहिला.

लोक येऊन त्याच्या पाया पडू लागले. गणपतसुद्धा आला. "धोंडू, मानला तुका. पाट्यो रंगवणाऱ्याक ह्या सुचला नसता." काशीबाईने त्याच्या तळहातावर सुंठवडा ठेवला आणि म्हणाली, "दूर्वांचो राम दाखवलंस रे बाबा. आता मी मराक मोकळी." धोंडूने सुंठवडा तोंडात न टाकता उपरण्याच्या टोकाला बांधला.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा सावित्रीला हाक मारली.

"रामाचो रंग खंयचो झालो, गो?"

"हिरवो, मामानू. काळसर हिरवो. खडपावरच्या शेवाळासारखो."

"परवा वारो इलो तेव्हा खापर कोणी उचललेला?"

"मीच." मग तिला उमगले. आवाज खाली गेला. "मी उलटा ठेवलंय काय? माका वाटला... तुमका दिसता."

"दिसणा नाय," धोंडू म्हणाला. हे दोन शब्द बोलायला त्याला पाच महिने लागले होते. "तुका सांगूक होया होता. तुझा काय चुकला नाय."

ती पदराचे टोक तोंडाशी धरून उभी राहिली. रडली नाही. "वास घेताना बघलंय तेव्हाच माका संशय इलो होतो," ती म्हणाली. "पण तुमी वराडलास."

संध्याकाळी पडवीत बुवा पानाचा डबा उघडून बसले होते. धोंडू शेजारी येऊन बसला.

"तू वाचवलंस माका," धोंडू म्हणाला.

"मी काय वाचवतलंय? दूर्वादलश्याम हो शब्द मी काय घरात केललो नाय. शास्त्रात आसा."

"शास्त्रात आसा ता खरा. पण मी दूर्वा बघून रंग दिललो नाय, गुरुदास."

बुवांनी चुना लावता लावता बोट थांबवले.

"डोळे?"

"दिवाळीपासून."

"आणि पंचमीक कातळावर काय बघलंस?"

"आवाज."

बुवांनी पान दुमडले, पण तोंडात घातले नाही. "रामानच तुझ्या हातान हो रंग लावून घेतल्यान, असा समज," ते शेवटी म्हणाले. "लोकांक आनंद झालो. तेंका उगाच दुखव नको."

"रामान घेतल्यान असतलो. तो तेचो रंग. पण उद्या माका विचारतले. ओलो राम माझ्या हातात असतलो, तेव्हा मी काय सांगू?"

यावर बुवांपाशी दृष्टान्त नव्हता. पान डब्यात परत ठेवून ते म्हणाले, "मी बोललंय ता रामासाठी बोललंय. उद्याचा तुझा तू बोल. मी बाजूक उभो रवान."

दशमीला सकाळी ओहोटी लागली होती. पुजाऱ्याने टोपली आणली, माणसे वाळूवर अर्धगोल करून उभी राहिली. धोंडू गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने सावित्रीला जवळ बोलावले. बायका पाण्याशी येत नसत, त्यामुळे ती काशीबाईकडे बघू लागली. काशीबाईने तिला कोपराने ढकलले. "जा गो, सासरो बोलवता तो."

दशरथ न्हाला, राण्या न्हाल्या, वसिष्ठ, दासी, तिन्ही भाऊ. शेवटी त्याने रामाला ओंजळीत घेतले आणि ओंजळ पाण्याखाली नेली. अंगठा त्या चिमुकल्या अंगावरून फिरवला.

"आता खंयचो रंग जाता, गो?" त्याने विचारले. सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"पिवळो, मामानू." ती पाण्यावर वाकली. "आता हिरवो. आता निळो जाता. काळो अजून पापण्यांत रवलो आसा."

माणसे एकमेकांकडे बघू लागली. धोंडूने पापण्यांवरून अंगठा हलकेच फिरवला, राम छातीशी धरला आणि वळला. गणपतने खाकरून नेहमीचा प्रश्न विचारला. "फुडल्या वर्साक रंग कोण देतलो?"

"गणपत, आधी गेल्या दिसांचा ऐक," धोंडू म्हणाला. "माका रंग दिसणत नाय. दिवाळीपासून दिसणत नाय. मी लपवलंय. काल तुमी बघलास तो हिरवो माझी चूक होती. चकाकीच्या जाग्यार पिवळी पडली. गुरुदासान रामाची लाज राखल्यान, माझी नाय. माझी मीच सांगूक होयी."

लाट आली आणि गेली. गणपत एक पाऊल मागे सरला. कालच तो या म्हाताऱ्याच्या पाया पडला होता.

"मगे," तो म्हणाला, आणि थांबला. "मगे चितारी रंग देणा नाय, असा समजाचा?"

धोंडूच्या कनवटीला कुंचला होता. बापाचा होता तसाच, खारीच्या शेपटीच्या केसांचा. तो पाण्यात सोडायला म्हणूनच त्याने बरोबर घेतला होता. त्याने तो काढला. पण हात लाटेकडे जाईना. बापाचा हात खोटा पडला होता. याचा हात खरा होता. खोटे पडले होते ते याचे तोंड.

"चितारी देणा नाय," तो सावकाश म्हणाला. "चिताऱ्याचा घर देतला. हात माझो. डोळे सुनेचे. ती सांगतली, मी लावतलंय. माझो हात गेलो की ती लावतली."

कुजबुज उठली. गणपत म्हणाला, "बाईमाणसान रामाक रंग दिल्याचा कधी ऐकला नाय."

"रामाक न्हाऊमाखू घातल्यान ती कोण होती?" काशीबाई मागून बोलली. "कौसल्या काय बाप्यो होती?"

दोघेतिघे हसले, हसूनही मोकळे झाले नाहीत. बुवा बाजूला उभे होते, बोलल्याप्रमाणे. शेवटी गणपतने टोपी काढून डोके पुसले. "माझ्यान ठरणा नाय. अक्षय तृतीयेक देवाक कौल लावया. देव सांगात ता."

"बरा," धोंडू म्हणाला आणि कुंचला परत कनवटीला लावला. राम टोपलीत ठेवताना त्याच्या लक्षात आले की एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आपण ते उत्तर न देता पाण्याबाहेर आलो आहोत, आणि तरी पाय जड नाहीत.

दुपारच्या एस.टी.ने बुवा निघाले. "मिरजेक डोळ्यांचा ऑपरेशन करतत," ते म्हणाले. "कोणाक दिसता, कोणाक नाय."

"जातलंय. पावसाआधी." सावित्रीने त्याच संध्याकाळी लवूला पत्र लिहिले. शाईच्या बाटल्यांतली निळी त्यासाठी पहिल्यांदा फोडली.

अक्षय तृतीयेला पुजाऱ्याने गाभाऱ्यातल्या दगडी रामाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या कळ्या लावल्या. तासभर एकही हलली नाही. लोक उठायला लागले तेव्हा उजवी सुटली, म्हणजे देवाचा होकार. गणपतने ती उचलून धोंडूच्या हातात दिली आणि घरी गेला.

पण कौलाची वाट न बघताच, दशमीनंतरच्या दुसऱ्याच पहाटे, धोंडू सुनेला घेऊन कातळावर गेला होता. पुढची पंचमी वर्षावर. पण डोळे तयार व्हायला वर्ष कमीच. दोघे उभे राहिले. वारा नव्हता.

"समुद्र कसो आसा?"

"निळो."

"निळो म्हणजे काय? निळे धा आसत. बघ."

ती बघू लागली. त्याने घाई केली नाही.

"खडपाकडे," ती चाचरत म्हणाली, "खडपाकडे वांग्याच्या सालीसारखो आसा. फुडे... फुडे तो रवणा नाय, मामानू. मी बोलासर बदलता."

"बदलतलोच," धोंडू म्हणाला. "सांगत रव."